जाड रस

नारळाचा जाड रस तेवढा घालायचा राहिला होता. रताळी उकडून, सोलून, चाळणीतून घासून झाली होती. पातळ रसात गूळ विरघळला होता, वेलची पडली होती. मंद आचेवर खीर रटरटत होती आणि यशोदा पाऊण तास नुसती ढवळत उभी होती. जाड रसाचं पातेलं हाताशीच होतं, पण तिकडे ती बघतसुद्धा नव्हती.

बाहेर हॉलमध्ये नुसता कलकलाट. उलव्याच्या या घरात बारा वर्षांनी महाशिवरात्र होत होती, मग तो व्हायचाच. ज्या सणाला घरातलं माणूस जातं, तो सण त्या घरापुरता मोडतो. पुढे त्याच तिथीला घरात मूल जन्मलं तरच तो सुटतो. गेल्या शिवरात्रीला थोरल्या सुनेला, नमिताला, मुलगा झाला. तेव्हा घरात सोयर होतं, म्हणून खरा सण आज. नणंदा आल्या होत्या, भाचरं आली होती. यशोदाचेही सकाळपासून हसून हसून गाल दुखायला लागले होते.

"आई, नैवेद्याचं ताट काढू का?" नमिता दारातून डोकावली. तिच्या कडेवर पोरगं होतं.

"काढशील गो. जरा थांब."

नमिता गेली. खीर बारा वर्षांपूर्वी इथेच अडली होती. त्या दिवशी नारळ फोडला तो कुजका निघाला, म्हणून यशोदाने धाकट्या लेकाला, प्रीतमला, दुसरा आणायला पिटाळलं. एकोणीस वर्षांचं पोर, कडक उपास, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. कुरकुरतच बाइकवर बसला. वळणावर मातीचा डंपर आला.

तेव्हापासून दर शिवरात्रीला तो यायचा. घाबरावं असं त्यात काही नव्हतं. दुपार व्हायच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या दाराशी पेट्रोलचा वास यायचा आणि तो विचारायचा, "आई, झाली का गो खीर?" ती म्हणायची, "थांब रं, व्हायची हाय." एवढ्या बोलण्यावर तिचं वर्ष निघायचं. कोणाला सांगायची सोय नव्हती. कोणी देवऋषी गाठला असता, कोणी वाशीचा डॉक्टर.

आज खीर झाली की मग तो कशाला येईल? हे तिला पक्कं कळत होतं, म्हणूनच हात पातेल्याकडे जात नव्हता. सण सोडवणाऱ्या नातवाचा तिला राग येत होता. वर्षाच्या लेकराचा राग, आणि त्या रागाची लाज. दोन्ही गिळून ती ढवळत होती.

तिचा नवरा हिरामण पाणी प्यायच्या निमित्ताने आत आला आणि पाणी न पिताच उभा राहिला. वरून विमान गेलं. त्याचा आवाज विरेपर्यंत तो थांबला.

"रस घाल, यशोदा."

"घालते."

"मघापासून घालतंस."

तिने मान वर केली नाही. ढवळता ढवळताच तिने सांगून टाकलं.

"खीर झाली का प्रीतम नाय येनार."

आता हा बहिणींना हाक मारील, असं तिला वाटलं. हिरामण ओट्याला टेकला.

"तुझ्याकडं पन येतो?"

यशोदाचा हात थांबला. खीर बुडाला लागायला आली, तेव्हा त्यानेच पुढे होऊन गॅस बारीक केला.

"मना वाटलं, मी म्हातारा झालो म्हनून," तो म्हणाला. "आजच्या दिसाला पायरीवर येऊन बसतो. माझ्या बाजूला. बोलत नाय काय."

"माझ्याशी बोलतो. खीर झाली का, इचारतो."

"आनि तू काय सांगतंस?"

"थांब, म्हनते."

बारा वर्षं दोघं एका छपराखाली, आणि एकमेकांपासून एकच पोर लपवून ठेवलेलं. मग हिरामण म्हणाला, तिला बोल लावायला नाही, आताच लक्षात आल्यासारखा:

"उपास होता त्याला. बारा वरसं उपाशी बसलाय गो तो."

हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तो तिला भेटायला येतो, एवढंच ती धरून बसली होती. भुकेला म्हणून येतो, हे आईला कळू नये? पदर तोंडात धरून ती रडली. बाहेर ऐकू जाणार नाही इतपतच, पण पोटातून रडली.

मग तिने पातेलं उचललं आणि जाड रस ओतला. उकळी यायच्या आत गॅस बंद केला. खीर सायीसारखी दाट, मऊ झाली. तिने पितळी वाटी भरली, चमचा घातला.

"देवाला दाखवायची हाय अजून," हिरामण म्हणाला.

"देवाला आज घरोघर मिळंल."

दाराच्या आतल्या बाजूला फरशी पुसून तिने वाटी ठेवली, शेजारी पाण्याचा तांब्या. गेलेल्या माणसाला वाढलं की त्याच्याकडे बघत बसायचं नसतं. वाढणाऱ्याने मागे न बघता निघून जायचं, तरच तो जेवतो. दोघं हॉलकडे निघाली. चार पावलं झाली असतील, तोच मागे वाटीत चमचा वाजला. हिरामणची मान वळायला लागली. यशोदाने त्याचा दंड घट्ट धरला आणि त्याला तसंच माणसांत ओढत घेऊन गेली.