मागचे पंख

डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यात एमिल नव्या गाड्यांचे मातीचे नमुने घडवायचा. गाडीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरचे, माशाच्या परांसारखे उभे शोभेचे पंख तो दर वर्षी बोटभर आणखी उंच करी. एका वर्षी साहेब म्हणाले, “पंखांची हौस फिटली लोकांची. छाटून टाक.” त्यानं सुरी घेऊन ते छाटले.

दोन वर्षांनी तीच बिनपंखांची गाडी त्याच्या दारात आली. ती गॅरेजमध्ये मागे घेता घेता त्याची ठेंगणी बायको वांडा रडकुंडीला आली. “अरे, संपते कुठं ही? आधीच्या गाडीचे पंख तरी दिसायचे मला.”

“म्हणून तर उंच करत होतो,” एमिल म्हणाला. मग गाडीमागे जाऊन त्यानं टाचा उचलल्या, दोन्ही हात वर धरले.

“हं, ये आता.”