पायलची सही

“सही कर, पायल. उद्या गाडीला हार घालायचाय, नारळ फोडायचाय,” अरविंद सर स्ट्रेचरवर आडवे पडून म्हणाले.

त्यांच्या छातीला वायरी चिकटवल्या होत्या. ॲम्ब्युलन्स कळंबोलीहून खारघरला निघाली होती. चाचणीत पेशंट व्हायची हौस सरांना नेहमीचीच. पडून राहायचं आणि हुकूम सोडायचे, दोन्ही कामं एकदम होतात. वायरींच्या टोकाला त्यांच्या कंपनीनं बनवलेला डबा होता. पेशंटच्या हृदयाचे ठोके तो चालत्या गाडीतून, मोबाइल नेटवर्कवरून, थेट हॉस्पिटलला पाठवायचा.

अडचण एकच होती. लोखंड बाजाराच्या पुढे एक नेटवर्क संपून दुसरं सुरू व्हायचं. नवं नेटवर्क आधी डब्याची ओळख तपासायचं आणि तेवढे सहा सेकंद हॉस्पिटलचा पडदा कोरा राहायचा. पायलचं म्हणणं होतं, पुढच्या नेटवर्कला ओळख आधीच पटवून ठेवू, म्हणजे थांबायलाच नको. त्याला तीन आठवडे लागणार होते. सरांनी तीन आठवड्यांचं काम तीन मिनिटांत उरकलं. त्यांनी तपासणीच बंद करायला लावली. आता चाचणी करणारी म्हणून पायलची सही तेवढी बाकी होती, त्या सहीशिवाय डबा खऱ्या पेशंटसाठी वापरता येत नसे.

“मी सही करणार नाही, सर.”

“मग उद्यापासून येऊ नकोस. तुझ्या जागेवर यायला दहा जण तयार आहेत.”

बोनकोड्याच्या भाड्याच्या खोलीत आई आणि भाऊ तिच्या एकटीच्या पगारावर होते, हे सरांना चांगलं माहीत होतं. पायलनं ओढणी सारखी केली. मांडीवरची बॅग घट्ट धरली. तिचा चेहरा इतका शांत होता, की सरांना वाटलं, पोरगी आली वठणीवर.

लोखंडाचे ट्रक मागे पडले. फोनच्या स्पीकरवर हॉस्पिटलातून डॉक्टर सुचिता बोलत होत्या. “बहात्तर... बहात्तर... छान येतंय.” नेटवर्क बदललं. पडदा क्षणभरही कोरा झाला नाही.

“बघ! उगाच टेन्शन घेत होतीस,” सर म्हणाले.

“एक मिनिट!” डॉक्टरांचा आवाज चढला. “एकशे चाळीस? अचानक काय झालं? खरा पेशंट असता, तर ठोके कमी करायचं इंजेक्शन मी आत्ता द्यायला लावलं असतं!”

सरांनी स्वतःची नाडी धरून पाहिली. ती निवांत चालली होती.

“मला काय धाड भरलीये? मशीन बिघडलंय.”

“मशीन चांगलंय.” पायलनं बॅगेची चेन उघडली. आत दुसरा डबा होता, तसाच, सरांच्या डब्याचा नंबर टाकलेला. त्याच्या वायरी तिच्या ओढणीखाली गेल्या होत्या. ओळख तपासायला कुणी नव्हतं, म्हणून नव्या नेटवर्कनं आधी जोडल्या गेलेल्या तिच्या डब्यालाच खरं मानलं होतं.

“हे ठोके माझे आहेत, सर,” ती म्हणाली. “नोकरी जायच्या भीतीनं मघापासून असेच पडतायत. तरी सही नाही करणार.”