उपाशी गोधडी

घरात जन्मभर गोधड्या शिवलेली सासू असताना सून मोबाइलवर परक्यांचे ब्लॉग वाचत बसते, याचा द्रौपदाबाईंना भारी राग. सुनेचा एमएचा प्रबंध गोधडीवरच होता. "काखेत कळसा अन् मोबाइलात वळसा," त्या जेवता जेवता पुटपुटल्या. "काय लिवलंय त्या ब्लॉगवाल्या शहाणीनं?"

सुनेनं वाचलं, "शेवटचा कोपरा शिवण्याआधी बायका आत भाकरीचा तुकडा ठेवतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून."

"खरं लिवलंय मेलीनं."

सुनेनं मोबाइल खाली ठेवला. "आत्या, माझ्या गोधडीत ठेवला होता?"

द्रौपदाबाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. लेकानं परस्पर लग्न केलं, त्या रागात नव्या सुनेची गोधडी त्यांनी तशीच शिवून टाकली होती. चार वर्षं ती पोर तीच पांघरत होती.

त्या हात धुऊन उठल्या. गोधडी आणून त्यांनी कोपरा उसवला, आपल्या ताटातल्या भाकरीचा तुकडा आत सारला आणि सुई ओवायला सुनेपुढं धरली.

"वाचत जा गं ते ब्लॉग," त्या म्हणाल्या. "त्याबिगर तू इचारलं नसतंस, अन् मी तर मरेस्तोवर सांगितलं नसतं."