सर्वनामाची सुनावणी

“‘हे प्रथम आपण पाहिले.’ अक्षर तुमचंच ना?” कंपनीच्या वकिलांनी वही पुढे सरकवली.

“माझंच,” बाई म्हणाल्या.

“मग हे ‘आपण’ म्हणजे कोण?”

पेटंटचा सारा वाद त्या तीन अक्षरांवर येऊन ठेपला होता. थंडीविना लस टिकवणारं प्रथिन यीस्टमध्ये सापडलं. ते प्रथम कोणाला, एवढाच प्रश्न. बाई आणि सर अकरा वर्षं एकाच प्रयोगशाळेत होते. सर वारले. त्यांचा हक्क वारसांकडून कंपनीने घेतला, आणि ज्यांनी जन्मात यीस्ट पाहिलं ते फक्त पावात, ती मंडळी आता शोधाचे धनी म्हणून समोर बसली होती. त्यांचं म्हणणं, ‘आपण’ म्हणजे दोघं. निम्मा शोध आमचा.

“‘आपण’ म्हणजे मी,” बाई शांतपणे म्हणाल्या. “एकटी.”

“स्वतःला ‘आपण’? महाराणी आहात की काय?”

“महाराणीला बोलायला दरबार असतो.”

सुनावणी अधिकारी गालातल्या गालात हसले. मग साक्षीला बाईंची थोरली बहीण आली.

“ती पहिल्यापासून तशीच हो,” ताई म्हणाल्या. “सगळे बाहेर निघाले, की हिचं सुरू, ‘आपण नाही बाई येणार.’ आणि बसायची कडी लावून. ‘आपण दोघं’ म्हणायला दुसरं माणूस तर हवं ना.”

बाईंनी मान खाली घातली.

कंपनीच्या वकिलांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. “ही बरोबरची खूण सरांची. म्हणजे ते सोबत होतेच.”

“सरांना लिहायचा कंटाळा. वही मी ठेवत असे. दुसऱ्या दिवशी ते वाचत आणि खूण करत. माझी ओळ न् ओळ कोणीतरी वाचत होतं, एवढाच त्या खुणेचा अर्थ.”

व्याकरणाला शाळेतच मूठमाती दिलेल्या चार विद्वानांनी त्यावर अर्धा तास खल केला: ‘मी’ की ‘आम्ही’? अखेर ‘मी’ ठरलं.

“जिंकलात,” बाहेर आल्यावर बाईंचे वकील म्हणाले. “आता शोधावर एकच नाव. सरांचं तळटीपेतसुद्धा नाही.”

“घरी चल,” ताईंनी हात धरला. “आज तरी एकटी जेवू नकोस.”

“आपण नाही येणार.”

“बघा, म्हटलं नव्हतं मी?” ताई वकिलांकडे पाहून हसल्या.

बाई प्रयोगशाळेत परतल्या. शीतकपाटाची घरघर तेवढी चालू होती. त्यांनी नव्या वहीत तारीख घातली, नेहमीसारखी सरांना उद्देशून एक ओळ लिहिली आणि पेन मिटलं. सरांच्या खुर्चीवर तीन वर्षांत कोणी बसलं नव्हतं. अकरा वर्षं रोज सकाळी उभ्या राहत तशाच त्या तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, वही छातीशी धरून.

“सर,” त्या हळूच म्हणाल्या, “आपण रागावलात?”