जबाबदार माणसाचं नाव

मकबूलभाई मणियार कंपनीविरुद्धची केस जिंकले. पण ते राहू द्या. तसं काही झालंच नाही असं धरून चालू. कारण निकालानंतरही त्यांची स्कूटर लातूरकडच्या मुरुडच्या त्याच गल्लीत, त्याच लिंबाखाली उभी होती आणि त्यांनाच सांगत होती, "अनोळखी चालक. कृपया मालकास बोलवा."

मालक समोरच उभा होता. हातात किल्ली, बगलेत बांगड्यांची पेटी.

कंपनीचं नाव इथं घेता येत नाही. तशी तिची अट आहे.

स्कूटर इलेक्ट्रिक होती आणि शहाणी होती. चालकाचं वजन, ब्रेक दाबायची लकब, सगळं ध्यानात ठेवणारी. पण मुरुडात गाडी एकाच्या नावावर असते आणि गल्लीच्या वापरात. ईदच्या आठवड्यात तिच्यावर मेहुणा बसला, मेहुण्याचा साडू बसला, शेजारच्या केवळाबाई दवाखान्यात जाऊन आल्या. स्कूटरनं विचार केला, आपण चोरीला गेलो. आणि तिनं स्वतःला कुलूप घालून घेतलं.

त्या दिवसापासून मकबूलभाईंची फेरी बंद पडली. आसपासच्या सात गावांत नवरीचा चुडा तेच भरत, म्हणून गावं त्यांना मामा म्हणत. आता औशाचा एक माणूस जीप घेऊन तिथं येऊ लागला होता. दोन गावांनी त्याला मामा म्हणायलाही सुरुवात केली होती. लग्नसराई संपेपर्यंत गाडी हलली नाही, तर बाकीच्या पाच गावांचाही तोच मामा होणार हे दिसत होतं.

कंपनीला फोन लावला की एक गोड आवाजाची बाई बोलायची. पहिले आठ दिवस मकबूलभाई तिला ताई म्हणत होते. मग कळलं, ती बाई नाही, मशीन आहे. त्यानंतरही ते ताईच म्हणत राहिले. तोंडातून दुसरं काही निघेना.

"अजी, उसकू सलाम भी करते क्या?" त्यांच्या पत्नी बिलकीसभाभी आतून विचारायच्या.

सिद्रामअप्पाच्या हॉटेलात रोज पेपर उघडला की या विषयाला उकळी फुटायची.

"हे बघा," अप्पा बातमीवर बोट ठेवून म्हणाले, "तिकडं परदेशात कंपनीच्या मालकाला कोर्टात उभं केलं. आन् आपल्याकडं? कंपनी हाय, कायदा हाय, मशीन हाय. माणूस कुठं हाय?"

"मला त्योच पायजे," मकबूलभाई म्हणाले. "एक माणूस. हाडामासाचा. ज्याला म्हणता येईल, बाबा रे, हे तुझ्यामुळं झालं."

"घावला तर काय करताव?"

"सोडत नसतो. लिहून घ्या."

"तुम्ही? तुम्ही तर मशीनला ताई म्हणताव."

हॉटेल हसलं. मकबूलभाई हसले नाहीत.

"अप्पा, गाडी घेतली तवा कंपनीची माणसं होती हो. मुरुडातलं पहिलं गिऱ्हाईक म्हणून केवढा सत्कार केला! शाल, नारळ, फेटा. फेटा डोळ्यावर यायला लागला, लोक टाळ्या वाजवायला लागले, त्यात कागदं पुढं आली, केल्या सह्या. टाळ्या चालू असताना वाचत बसलं तर देणाऱ्याला काय वाटंल? इतकी आपली माणसं. कुठं गेली ती?"

सत्काराचा फोटो तेवढा सगळ्यांच्या मोबाईलमध्ये होता.

आनंदराज वकिलांनी आधी समजावून पाहिलं. "मकबूलभाई, नवी गाडी मागू. सोपं पडंल."

"नवीबी मलाच वळखणार न्हाई. तुम्ही नाव मागा."

"कुणाचं?"

"जबाबदार माणसाचं. त्यानं ग्राहक आयोगापुढं येऊन, माझ्या डोळ्यादेखत, स्वतःच्या हातानं कुलूप काढावं. न्हाई आला तर वॉरंट. आन् त्यात दयामाया नको."

वकिलांनी तसंच मागितलं आणि, कुणाला पटणार नाही, आयोगानं तसंच दिलं. जबाबदार अधिकाऱ्याचं नाव कंपनीनं पंधरा दिवसांत कळवावं. अधिकाऱ्यानं पुढच्या तारखेला तक्रारदारासमोर हजर राहून कुलूप काढावं. नाहीतर अटकेचं वॉरंट. त्या दिवशी अप्पांनी चहाबरोबर पेढे वाटले आणि वीरभद्र गुरुजींनी लोकशाही या विषयावर अर्धा तास घेतला.

चौदाव्या दिवशी पाकीट आलं. अख्खं हॉटेल उठून मकबूलभाईंच्या टेबलाभोवती जमलं.

"फोडा. जोरात वाचा."

मकबूलभाईंनी फोडलं. मनातल्या मनात वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"कोण हाय? मुंबईचा का बंगळूरचा?"

"इतक्या लांबचा न्हाई."

"लातूरचा? मग आताच जाऊ की! जीप सांगतो. चांगला घोळसू त्याला."

"अप्पा," मकबूलभाई हळूच म्हणाले, "एक कोरा कागद द्या."

अप्पांनी वहीतला कागद फाडून दिला. वकिलांनी मजकूर सांगू का विचारलं. मकबूलभाईंनी नकारार्थी मान हलवली आणि स्वतःच लिहायला बसले:

'मा. आयोगास सविनय अर्ज. आपल्या आदेशानुसार कंपनीने तिच्या जबाबदार अधिकाऱ्याचे नाव कळवले आहे. सत्काराच्या वेळी सही झालेल्या नेमणूकपत्राप्रमाणे ते मकबूल बाबूमियाँ मणियार, राहणार मुरुड, असे आहे. सदर अधिकाऱ्यास कुलूप काढता येत नाही. तक्रारदार मकबूल बाबूमियाँ मणियार, राहणार मुरुड, हे त्यास सोडण्यास तयार नाहीत. तरी पुढील तारखेस दोघांपैकी एकास गैरहजर राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'