गोड बोलणारी पट्टी

"आपला प्रस्ताव छान आहे. मी नक्की विचार करीन," चांगुणाबाईंच्या गळ्यातली पट्टी मंजुळ आवाजात म्हणाली.

चांगुणाबाई संतापल्या. मेंदूच्या झटक्यात वाचा गेल्यापासून त्यांच्या मनातलं ही पट्टी बोलून दाखवी, पण शिव्या गाळून आणि नकार गुळगुळीत करून. मासळीबाजारातला त्यांचा ओटा बळकावायला आलेल्या कंत्राटदाराला त्यांनी मनात काय काय सुनावलं होतं!

"चला, मावशी तयार आहेत," कंत्राटदार खूश झाला.

"चांगुणा आणि एवढी गोड?" शेजारच्या ओट्यावरची जनीबाई कडाडली. "हिच्या तोंडाला अख्खा बाजार टरकायचा! हरेश, आईच्या गळ्यात काय बांधलंयस हे?"

"काकी, लोकांना दुखवायचं कशाला? अर्थ पोचतोच की," मुलगा म्हणाला.

"बरोबर आहे, बाळा," पट्टी म्हणाली.

चांगुणाबाईंनी ती ओरबाडून बर्फात फेकली आणि त्या कंत्राटदारासमोर उभ्या राहिल्या. ओठ हलले, पण शब्द सापडेनात. डोळ्यांत पाणी आलं. मग झटक्यातून वाचलेला एकच शब्द सगळ्या बाजाराला ऐकू गेला.

"मेल्या!"

कंत्राटदार मागे सरला. हरेश वाकून बर्फात पट्टी शोधू लागला, तेव्हा तोच शब्द त्यालाही मिळाला.