परग्रहावरची मारबत

मधुकरराव पडदा पाहत नसत, माणसं ऐकत. हॉलबाहेर खुर्ची टाकायची, डोळे मिटायचे आणि आतून कसा आवाज येतो त्यावर सिनेमा घ्यायचा की नाही ते ठरवायचं. तीस वर्षं विदर्भभर लावलेले भयपट त्यांनी असेच निवडले होते. खरं सांगायचं तर त्यांना अंधारात भीती वाटे, पण हे त्यांच्या तोंडावर कोण म्हणणार.

आज ती खुर्ची नागपूरपासून दोन तासांवरच्या एका गावात, समाजमंदिराच्या दाराशी होती. शेजारी पायरीवर भूमिका बसली होती. सिनेमा तिचा. चार वर्षं तिने त्यात घातली होती, आणि मनीषनगरच्या घरी त्याचा विषय निघाला की आई टीव्हीचा आवाज वाढवत असे. मधुकररावांनी नाही म्हटलं तर सिनेमा कायमचा पडून राहणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

गोष्ट परग्रहावरची. पृथ्वीवरची माणसं तिथे वसाहत करतात, जमीन मोजतात, खुंट्या ठोकतात. मग जमिनीखालून एक प्राणी निघतो आणि एकेकाला ओढून नेतो. शेवटी पांढऱ्या पोशाखातला कप्तानही जातो. नागपुरात कॉलेजच्या मुलांना दाखवला तर ती खिदळत बसली.

"ते पोरं कायले भितीन," मधुकरराव म्हणाले होते. "ज्यायनं असं काही पाह्यलं नाही, त्यायले दाखव."

म्हणून हे गाव. धरणात गेलेली तीन गावं इथे आणून बसवलेली, रस्ते सरळ, घरांवर नंबर. सिनेमा येणार म्हणून लोक दुपारची कामं टाकून आले होते.

खेळानंतरची कल्पनाही मधुकररावांचीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, वर्षभराची इडापीडा त्या पुतळ्याच्या माथी मारून त्याला जाळतात. सिनेमातला आठ फुटी प्राणी मारबती करणाऱ्या गिरिधरनेच बांबू-कागदाचा केला होता. तो समाजमंदिरामागे उभा करून ठेवला. लोक भ्याले तर आपसूक पेटवतील आणि फोटो पेपरात येईल. कप्तान झालेला मोहितही पोशाख चढवून फोटोसाठी तिथेच घाम पुसत थांबला होता.

आत अंधार झाला. पंधरा मिनिटं चिडीचूप. भूमिकाने दाराला कान लावला.

मग खुंट्या ठोकणारा पहिला माणूस जमिनीत गेला असावा, कारण आत एकदम आरोळी उठली. मधुकररावांचे डोळे मिटलेलेच, पण एक बोट वर झालं. दुसरा गेला, तिसरा गेला, दर वेळी आवाज चढत गेला. बाया ओरडत होत्या, कोणीतरी बाक बडवत होतं. कप्तान गेला तेव्हा तर छपराचे पत्रे हादरले.

मधुकररावांनी डोळे उघडले. "तीस वर्षांत असं ऐकलं नाही वं," ते म्हणाले. "आपल्या सगळ्या टॉकीजांत लावतो."

भूमिकाला रडू आलं, आनंदाचं, आणि तिने ते लपवलंही नाही.

दार उघडलं आणि गाव बाहेर लोटलं. चेहरे लाल, घसे बसलेले. सगळ्यांत पुढे तुळसाबाई, गावातली वयाने सर्वांत मोठी बाई. तिने भूमिकाचे दोन्ही हात घट्ट धरले आणि काडीपेटी मागितली. मधुकररावांनी खिशातली काढून मोठ्या थाटात तिच्या हातावर ठेवली.

पाच मिनिटांत मागे डफडं वाजू लागलं. "घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी उठली आणि छपरावर धूर आला. भूमिकाने आईला फोन लावून सांगितलं की आपण जिंकलो. मग फोटो चुकू नये म्हणून दोघे मागच्या बाजूला धावले.

मोहित बनियनवर उभा होता. आगीत कप्तानाचा पांढरा पोशाख जळत होता. आठ फुटी प्राणी कडुनिंबाखाली होता, त्याच्या कपाळाला कुंकू लागलं होतं, आणि तुळसाबाई तांब्यातलं पाणी त्याच्या कागदी पायांवर घालत त्याला विचारत होती, "आमचं गाव बुडून राहिलं होतं, तवा कुठी होता गा तू?"